व्हॉल्व्ह उजेडात धरणारा

यवतमाळच्या त्या रेडिओ-मिस्त्रीचे नाव विचारण्याचे धाडस मला कधी झाले नाही. रेडिओ उघडला की तो आतला काचेचा व्हॉल्व्ह सदऱ्याच्या टोकाने पुसून उजेडात धरी. निकामी व्हॉल्व्ह तो कंपनीवार वेगळ्या खोक्यांत ठेवी. त्यातले एकच खोके भरलेले होते. ती कंपनी वाईट असावी, असे मी भीतभीत म्हटले.

तो हसला. "वाईट नाही, गुरुजी. रेडिओ धा कंपन्यांचे येतात, पन आत व्हॉल्व्ह हिचाच. रेडिओवाले येतीन-जातीन, हे राहीन."

पुढे त्या कंपनीचे शेअर विक्रीला निघाले. तान्ह्या मुलीसाठी ते घेऊन वीस वर्षे ठेवायचे, म्हणून मिस्त्री शेअरच्या एजंटाकडे आला. मी तिथेच बसलो होतो.

"मियाँ, हे शिकलेल्या लोकायचं काम हाये. तू आपला कथलाचा डाग दे रेडिओले," म्हणत एजंटाने अर्ज माझ्यापुढे सरकवला. "घ्या गुरुजी. पन व्हॉल्व्हचं सोडा, ह्या रेडिओवाल्या कंपनीचे घ्या. जाहिरात पाहा केवढी!"

"तुमच्या रेडिओतबी तोच व्हॉल्व्ह हाये, शेटजी. म्याच बसवला," एवढेच बोलून मिस्त्री निघून गेला.

केवढा हा माज! ज्याने रेडिओ कधी उघडून पाहिला नाही, त्याने उघडणाऱ्याला अडाणी ठरवावे? आणि माझी पदवी तरी काय कामाची? "अर्ज त्यांना द्या," इतकेही मला म्हणवले नाही. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि वर एजंटाचे आभार मानले.