लंकाबाईचा उजवा हात

माझी सासू लंकाबाई कधी खोटं बोलत नसे, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. माझी भाजी खारट झाली की ती पाहुण्यांसमोर सांगायची, "खारट झालीय." माझ्या माहेरच्यांनी आणलेलं लुगडं तिला आवडलं नाही, तर त्यांच्या तोंडावर "रंग काय बरा न्हाई" म्हणून मोकळी. मी भिंगारच्या बाजारात वाढलेली, सातवी शिकलेली. चार गोड शब्द बोलून वेळ निभावून न्यायची मला सवय. या बाईबरोबर जन्म काढायचा कसा, या विचारानं पहिलं वर्ष मी नुसती धुमसत होते.

गावात मात्र तिच्या या खोडीला मोठा मान होता. आमचं गाव पाथर्डीच्या वाटेवर, सडकेपासून कोसभर आत. बांधावरून दोघांची जुंपली की कुणीतरी म्हणायचं, "लंकाबाईला इचारा." ती पाहिलं तेवढंच सांगायची आणि भांडण मिटायचं. एवढ्यानं मिटलं नाही, तर मग खंडोबाचं देऊळ. तिथं भंडारा उचलायचा, म्हणजे देवापुढची हळद ओंजळीत घेऊन बोलायचं. भंडारा हातात धरून जो खोटं बोलेल त्याच्या घरातलं लहान मूल देव उचलून नेतो, असं सगळे मानत. मला तो पोरखेळ वाटायचा. तोंडानं मी तसं म्हणत नसे, एवढंच.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. सलग दुष्काळ, गावात एकाच विहिरीला पाणी. सरपंच आबासाहेबांनी पारावर नियम केला: घरटी दोन हंडे, सकाळी, सगळ्यांसमोर. त्यानंतर रहाट बांधून ठेवायचा. जो जास्त पाणी काढेल त्याच्या घरचं पाणी आठ दिवस बंद. सगळ्यांनी हात वर केले, आणि लंकाबाईचा हात सगळ्यांच्या वर होता.

मला आठवा महिना होता. माझे मालक, श्रीमंत त्यांचं नाव, भिंगारला लष्कराच्या गोदामात कामाला, रविवारी तेवढे घरी यायचे. उरलेलं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं असायचं. दुपारी गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही दोघी.

अशाच एका दुपारी चिंचेखाली बैलगाडी थांबली. डोंगरापलीकडची ऊसतोडीची माणसं. ऊस वाळून गेला, कारखाना लवकर बंद झाला, म्हणून परत निघालेली. त्यांतली एक बाई आमच्या दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं नऊ दिवसांचं मूल.

"माय, पानी दे. मला दूधच येईना झालंय," ती म्हणाली.

लंकाबाईनं हंड्यात डोकावलं. तळाशी दोन तांबे उरले असतील, तेही माझ्यासाठी ठेवलेले. त्यातला एक तांब्या तिनं बाईला दिला. बाईनं अर्धा पिऊन उरलेला पदराखाली धरला आणि म्हणाली, "गाडीत सासू हाय."

लंकाबाई म्हणाली, "थांब." दोन्ही हंडे घेऊन ती विहिरीवर गेली, रहाटाची गाठ सोडली, दोन हंडे ओढले आणि तशीच चिंचेखाली घेऊन गेली. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी. ती आल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, नियम?"

"नियम गावाचा हाय. दारात आलेल्या बाळंतिनीला पानी न्हाई म्हनावं, असं कुनाच्या देवानं सांगितलंय?"

मी चूल पेटवायला आत गेले.

संध्याकाळी आबासाहेबांनी रहाटाची गाठ पाहिली. ती त्यांनी स्वतः मारलेली, आणि आता ती वेगळीच होती. तोवर गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुपारी गावात असलेल्या सगळ्यांना देवळात बोलावलं. रंगनाथ गुरवानं भंडाऱ्याचं ताट आणलं. एकेकानं ओंजळ पुढं करायची आणि "मी पानी काढलं न्हाई" म्हणायचं.

ही आता सरळ सांगून टाकणार, याची मला खात्रीच होती. आठ दिवस पाण्याशिवाय कसे काढायचे, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. भिंगारला जावं, तर एवढ्या उन्हात त्या पोटानं सडकेपर्यंत चालवणार नव्हतं. लंकाबाईची पाळी आली. तिनं ओंजळ धरली. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं.

"मी पानी काढलं न्हाई," ती म्हणाली.

आबासाहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. ज्या बाईवर कुणालाच संशय नव्हता ती ही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. पाणी वाचलं म्हणून वाटलं. त्याची लाज नंतर वाटली. सगळ्यांच्या शपथा झाल्यावर आबासाहेब म्हणाले, "मग ते गाडीवालेच चोर." गावानं माना डोलावल्या. लंकाबाई मात्र खाली बघत राहिली.

देवाचा भंडारा टाकून देता येत नाही, म्हणून तिनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. तिसऱ्या दिवशी त्या गाठीला मुंग्या लागल्या. तिनं मला हाक मारून दाखवलं.

"छबू, हळदीला कधी मुंग्या लागत्यात व्हय?"

नाही लागत. गुळाच्या डब्याभोवती आम्ही हळदीचीच रेघ ओढत असू. माझ्या सातवीच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मलाही भीती वाटायला लागली. पोरखेळ म्हणणारी मी, पोटातलं मूल जरा वेळ हललं नाही की घामाघूम व्हायचे.

ती तर अर्धीच झाली. दर शनिवारी माझ्या डोक्याला तेल लावायची, ते बंद केलं. माझ्याजवळ आली तरी उजवा हात पदराखाली. गावात कुणी भांडणात साक्षीला बोलावलं तर "मला बरं न्हाई" म्हणून आत जायची. तिचं दुसरं खोटं म्हणावं, तर खरंच तिला बरं नव्हतं.

जेठ महिन्यात मी बाळंत झाले. मुलगी, धडधाकट, आवाज असा की वेशीपर्यंत ऐकू जावा. तरी दाराबाहेरून लंकाबाईनं सुइणीला तीनदा विचारलं, "रडली का? नीट रडली का?" पण आत येऊन मुलीला घेतलं नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं, बायका म्हणाल्या, "आजी, घ्या की नातीला." ती उंबऱ्याशीच उभी. बायका गेल्यावर माझा बांध फुटला.

"मुलगी झाली म्हणून हात लावत नाही ना? सांगा की तोंडानं! एरवी तर सगळं तोंडावर बोलता!"

तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्या हातानं घिऊ? देवानं अजून काय केलं न्हाई. त्याला आठवन करून दिऊ व्हय?"

मी मुलीला घट्ट धरलं. भीती माझीही गेली नव्हती.

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. रंगनाथ गुरव बाळाला लावायला देवाचा भंडारा घेऊन आला होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मागं वळून अंगणात कुणी नाही ना ते पाहिलं आणि आत येऊन लंकाबाईला खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, एक सांगतो, पन आबासायबाला कळू दिऊ नका. त्या दिवशी तुमी उचलला त्यो भंडारा नव्हता."

"मग?"

"हळद संपून दोन म्हैनं झालतं. देवाला हळद न्हाई, हे चारचौघांत सांगायचं कसं? रेशनची पिवळी मका आलती, तिचं पीठ बारीक चाळून ताटात ठिवलं. खंडोबाला म्हनलं, आमी खातो त्येच तुला."

मला आधी कळलंच नाही. मग मुंग्या आठवल्या. मक्याच्या पिठाला मुंग्या लागणार नाहीत तर काय! मी हसायला लागले ते थांबेचना, मुलगी दचकून रडायला लागली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. लंकाबाई मटकन खाली बसली. "मक्याचं पीठ!" ती म्हणाली, आणि तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचे दात पाहिले.

मग ती थांबली.

"पन रंगनाथ, मला तर त्यो भंडाराच वाटत हुता."

गुरव डोकं खाजवायला लागला. "तसं म्हनलं तर..."

"आन त्या बाळंतिनीला गाव अजून चोर म्हनतंय. ते तुझ्या पिठानं पुसतंय व्हय?"

"आत्याबाई, झालं गेलं आता," मी म्हटलं. खरंच मला ते तिथंच संपायला हवं होतं. ती माझं ऐकणार नव्हती. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडली.

पार आमच्या दारासमोरच. मी मुलीला घेऊन खिडकीशी गेले. आबासाहेब चारपाच जणांबरोबर बसले होते. लंकाबाई समोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उन्हाळ्यात रहाट मी सोडलाता. दोन हंडे मी काढलं, त्या गाडीवाल्या बाळंतिनीला दिलं. ते लोक चोर न्हाईत."

आबासाहेब म्हणाले, "लंकाबाई, तुमी भंडारा उचललाता."

"उचलून खोटं बोल्ले."

तिच्या मागं रंगनाथ गुरव उभा होता. त्याचा चेहरा त्याच पिठासारखा पिवळा पडलेला. तिनं पिठाचा एक शब्द काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंत नाही. तोही आता राहिला नाही, म्हणून मी सांगते आहे.

आबासाहेबांनी विहिरीकडं हात केला. "आता पाऊस झालाय, हिरीला पानी हाय. जाऊ द्या," ते म्हणाले.

"जाऊ द्या कसं? नियमाला मीबी हात वर केलाता. आठ दिवस पानी बंद."

"बरं, आठ दिवस," आबासाहेब म्हणाले. मग बाकीच्यांकडं वळून जरा मोठ्यानं, "आन त्या गाडीवाल्यांना हितनं पुढं कुनी चोर म्हनायचं न्हाई."

आठ दिवस लंकाबाई विहिरीकडं फिरकली नाही, आणि आठ दिवस आम्हाला पाणी कमी पडलं नाही. पहिला हंडा आबासाहेबांच्याच मंडळींनी, आक्काबाईंनी आणला. "नियम रहाटाला हाय, दाराला न्हाई," म्हणून ठेवून गेल्या. पुढच्या बाजाराला लंकाबाईनं शेरभर हळद आणून गुपचूप देवळात पोचवली.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी पारावरून ती आली ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आन तिला इकडं."

तिनं उजवा हात पुढं केला. मी मुलीला त्या हातावर ठेवलं. मुलीनं एकदा आजीकडं टकमक पाहिलं आणि तिथंच, त्या तळहातावर, मुतली.

लंकाबाईनं हात हलवला नाही. कोपरावरून धार गळत होती आणि ती हसत होती.

"ह्ये बघ छबू," ती म्हणाली, "धुतला हात."