भुरी की शिमिट

आमच्या नांद्याच्या शेतात वाटाण्याच्या पानांवर पिठासारखं पांढरं काहीतरी दिसलं आणि घरात सगळ्यांना एकदम शेती कळायला लागली.

माझा थोरला भाऊ, दादा, एरवी बांधावर यायचा तो फक्त गिऱ्हाईक घेऊन. त्यानं गाडीत बसूनच निदान केलं, "भुरी हाय. रोग पडलाय. गेला वाटाणा!" त्याच्या आवाजात दुःख शोधूनही सापडेना. सापडणार कसं? भात निघाल्यावर वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला शब्द दिला होता: वाटाणा चांगला आला तर जमीन विकायची नाही, गेला तर बिल्डरच्या कागदावर सही करायची. अर्धा एकर उरला होता आणि तीन बाजूंनी इमारती उठल्या होत्या. त्यांच्या जाहिरातीत 'हिरव्या शेतांच्या कुशीत' असं छापलं होतं. ते हिरवं शेत म्हणजे आमचंच.

आबांचं निदान वेगळं. शेजारच्या इमारतीत फरश्या कापायचं मशीन दिवसभर किंचाळायचं. "रोग कसला? वरनं शिमिट पडतंय," म्हणत त्यांनी एका पानावरून ओला अंगठा फिरवला. पान हिरवं झालं. "बघ! रोग कदी पुसून जातो व्हय?"

मग कृषी सहायक आले. बूट नवे असल्यामुळे पाहणी बांधावरूनच झाली. त्यांच्या फॉर्मात भुरी, तांबेरा, करपा यांना रकाने होते, सिमेंटला नव्हता. म्हणून त्यांनी भुरी लिहिली. औषधाच्या दुकानदारानं तर पान बघायच्या आधीच बाटली काढली. मी लवळ्याच्या एका कॉलेजात कारकून, म्हणजे घरातली शिकलेली. मी फोनवरच्या ॲपला पानाचा फोटो दाखवला. त्यानं पान सोडून माझ्या नखाला रोग झाल्याचं कळवलं.

संक्रांतीच्या सुमारास फरश्यांचं काम संपलं आणि मशीन गप्प झालं. पांढरं मात्र वाढतच गेलं. आबा रोज सकाळी ओलं फडकं घेऊन पानं पुसत बसायचे, जशी काही पाहुण्यांसाठी ताटं पुसतायत. त्यांना तसं बघून मला रडू यायचं आणि दादाचा संताप यायचा. एका रविवारी मी पान उलटं करून पाहिलं. खालच्या अंगालाही तेच. वरून पडणारी धूळ पानाच्या पोटाला कशी लागेल?

त्या रविवारी आबांनी दादासमोरच मला विचारलं, "तू शिकलेली हायेस. खरं सांग, काय हाय ह्ये?"

दादा माझ्याकडे टक लावून बघत होता. बिल्डरच्या कागदावर बहिणीचीही सही लागते, हे वकिलानं त्याला नुकतंच समजावलं होतं. पान माझ्या हातात उलटंच होतं.

"शिमिटच हाय, आबा," मी म्हणाले.

दादा पाय आपटत गाडीकडे गेला. आबांनी माझ्या हातातलं पान घेतलं, चुरगाळलं आणि बांधापलीकडे फेकलं.

"भुरीच हाय ती," ते म्हणाले. "आठ दिस झालं मला कळून."

"मग मला कशाला इचारलं?"

"रोगाचं कुटं इचारलं, बाय?"