ओटी भरली, बॅलन्स बाकी

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, देवास येथील माझ्या कपाटात यापुढे एकही ब्लाउजपीस मावणार नाही. दात्यांनी कृपया नोंद घ्यावी.

हे जाहीर निवेदन मी मनातल्या मनात रचलं, तेव्हा मी धारहून परतीच्या बसमध्ये होते. मांडीवर लॅपटॉपची बॅग, तिच्यावर पिशवी, पिशवीत नारळ, तांदूळ आणि मोरपंखी ब्लाउजपीस. पोटात पुरणपोळ्या. ज्यासाठी गेले होते ते पेमेंट मात्र धारमध्येच राहिलं होतं.

मी फ्रीलान्स वेब डिझायनर आहे. म्हणजे घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. डिझायनर मीच, ऑपरेटर मीच आणि वसुली अधिकारीही मीच. या तिघींतली तिसरी अगदी कुचकामी आहे.

धंद्याचे नियम तसे सोपे. अर्धे पैसे काम सुरू करण्याआधी, तो अ‍ॅडव्हान्स. उरलेले साइट लाइव्ह करण्याआधी, ते बॅलन्स. लाइव्ह करणं म्हणजे दुकानाचं शटर वर करणं. तोवर साइट फक्त मला आणि क्लायंटला एका खाजगी लिंकवर दिसते. एकदा शटर वर गेलं की क्लायंटला आपली आठवण येते ती फक्त एखादा फोटो बदलायचा असेल तेव्हा.

क्लायंट होते धारचे दादासाहेब. साठीच्या घरातले, जुन्या दरबारी घराण्यातले, बोलणं असं की समोरच्याला आपण पागोटं घालून बसलोय असं वाटावं. मांडूच्या रस्त्यावर त्यांनी गेस्ट हाउस काढलं होतं. मांडूचा सीझन पावसाळ्यात, म्हणून साइट त्याआधी लाइव्ह व्हायला हवी होती. अ‍ॅडव्हान्स चटकन मिळाला, कारण तेव्हा मी परकी होते. घोटाळा पुढच्या मीटिंगला झाला. त्यांनी सहज विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"धारचंच."

दादासाहेब उभेच राहिले. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? आम्हाला बहीण नाही. आजपासून तुम्ही आमच्या ताई!"

त्या दिवसापासून मीटिंग खालच्या ऑफिसात होईना, वर घरात होऊ लागली. आधी पान वाढलेलं, मग काम. बटणाचा रंग बदला, आजोबांचा फोटो मोठा करा, कारंज्याचा व्हिडिओ टाका. सगळं झालं की मी घसा साफ करायची, "दादासाहेब, ते बॅलन्स..." आणि नेमक्या त्याच वेळी वहिनीसाहेब हळदीकुंकू घेऊन यायच्या. "ताई, पदर पुढे करा."

पदरात नारळ पडलेला असताना चाळीस हजार रुपये मागणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

घरी नवरा विचारायचा, "मागितलेस?"

"मागणारच होते."

"मग?"

"पुरणपोळी होती."

यावर तो पिशवीतला नारळ काढून फोडायला घ्यायचा. फोटोग्राफरला मात्र नारळ चालणार नव्हता. गेस्ट हाउसचे फोटो मी त्याच्याकडून काढून घेतले होते आणि त्याचे पैसे याच चाळीस हजारांतून द्यायचे होते. तो रोज सकाळी मला गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात' पाठवायचा. पूर्वी कधी पाठवत नसे. या फुलाचा अर्थ प्रत्येक फ्रीलान्सरला कळतो.

अशात केतकी अवतरली.

मे महिना. मी धारला पोचले, तर खाली ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पंचविशीतली मुलगी बसलेली. तीही वेब डिझायनर, धारचीच. दादासाहेबांचं मनावर नावाच्या गावी बियाण्यांचं दुकान होतं, त्याची साइट तिला मिळाली होती. माझ्यापाशी त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता! तिने लॅपटॉपवर आपलं जुनं काम दाखवलं. त्यात सगळं हलत होतं. फोटो हलत होते, अक्षरं हलत होती, कोपऱ्यात एक ट्रॅक्टरसुद्धा हलत होता. दादासाहेब "वा!" म्हणाले. माझ्या साइटला ते आजवर "ठीक" म्हणाले होते.

मग ती पोरगी म्हणाली, "दादासाहेब, पहिले अ‍ॅडव्हान्स टाकून द्या. मग मी चालू करते."

आणि दादासाहेबांनी मोबाइल काढला आणि टाकला. टिंग! हसत हसत! शिवाय तिला चहा आला तो कागदी कपात, बिस्किटाशिवाय. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या कागदी कपाचा हेवा वाटला. इथे मी चांदीच्या वाटीत तूप घेऊन कंगाल, आणि ही दोन घोट पाणचट चहावर मालामाल. मला तिच्या खुर्चीचा हेवा वाटला, तिच्या टिंगचा हेवा वाटला, तिच्या त्या मेल्या ट्रॅक्टरचासुद्धा वाटला.

ती निघाली तशी मी तिला पायरीवर गाठलं. "काय गं, वर जेवायला नाही बोलावलं तुला?"

"बोलावतात ना मावशी. मी जातच नाही." (मावशी! हेही मी गिळलं.) "एक बार वर गेलं की आपण पाहुणे. पाहुण्याला पेमेंट कोण देतो? ऑफिसात बसायचं, बाजारातल्या भिया लोकांसारखं. सीधी बात."

मी परत आत आले. दादासाहेब जिन्याशी उभे. "चला ताई, वर चला. आमरस झालाय."

आमरस! माझा एक पाय जिन्याकडे गेलासुद्धा. मी तो परत आणला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. "नको. आज मी इथेच बसते. मलाही कागदी कपात चहा सांगा."

दादासाहेबांचा चेहरा उतरला. "आमचं काही चुकलं का?"

"दादासाहेब, बॅलन्स पेमेंट." मी डोळे मिटूनच बोलले. "चाळीस हजार. सीझन तोंडावर आलाय. पैसे आल्याशिवाय मला साइट लाइव्ह करता येणार नाही."

"ते होय!" त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "ते तर केव्हाचे बाजूला काढून ठेवलेत."

"मग देत का नाही?"

"असे कसे देणार?" आता चकित व्हायची पाळी त्यांची होती. "बहिणीच्या हातावर मजुरी ठेवायची? लोक काय म्हणतील? भाऊबीजेला तबकात घालणार होतो. मानाने."

"भाऊबीज दिवाळीत येते, दादासाहेब!"

"हो ना. म्हटलं, ताई घरच्याच आहेत. थांबतील."

म्हणजे मी मागत नव्हते, कारण मागणं शोभत नाही. आणि ते देत नव्हते, कारण देणं शोभत नाही. आमच्या दोघांच्या खानदानी वळणापायी फोटोग्राफर गुलाब पाठवून पाठवून थकला होता. मला भरून आलं आणि त्यांचं डोकं फोडावंसंही वाटलं, दोन्ही एकदम. पण माणूस तत्त्वाचा. बॅलन्स मागितलं तर दुखावेल, ओवाळणी मागितली तर धावेल. मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "वहिनीसाहेब, तबक आणा हो! निरांजन लावून!"

ओवाळणी ऑफिसातच झाली. दादासाहेबांची खुर्ची गोल फिरणारी असल्यामुळे त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवणं फार सोपं गेलं. मी कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मग मोबाइलवर माझा क्यूआर कोड उघडला आणि मोबाइल तबकात अक्षतांशेजारी ठेवला. दादासाहेबांनी वाकून, अगदी भक्तिभावाने, तो स्कॅन केला.

साइट त्याच दुपारी लाइव्ह झाली. फुलं यायची थांबली. बियाण्यांच्या दुकानाचं काम केतकीकडेच राहिलं आणि तो ट्रॅक्टर मला अजून सलतो. तेव्हापासून नव्या क्लायंटने माहेर विचारलं की मी आधी बॅलन्सची तारीख ठरवून घेते आणि मग गावाचं नाव सांगते. पेमेंट कुठल्या मार्गाने यावं, याचा हट्ट मात्र धरत नाही.

पण त्या दिवशी सगळ्यात मोठा धक्का मला बसला नाही. "चालीस हज़ार रुपये प्राप्त हुए," असं तबकातल्या मोबाइलने खणखणीत आवाजात जाहीर केलं, तेव्हा वहिनीसाहेब माझ्या शेजारीच उभ्या होत्या. कधी आवाज न चढवणाऱ्या त्या बाई एकदम ओरडल्या, "चाळीस हजार? आणि आमचे बंधुराज अजून पाचशे एकच घालतात!"