बातमी आधी कळणारा माणूस

विद्यापीठाच्या संशोधन इमारतीत कुणालाही दिवस गेले, की ती बातमी सगळ्यात आधी तळघरातल्या एका अविवाहित, टक्कल पडलेल्या, त्रेपन्न वर्षांच्या माणसाला कळायची. सासूच्या आधी, आईच्या आधी, कधीकधी तर नवऱ्याच्याही आधी. यात चावटपणा काही नव्हता, कामाची पद्धतच तशी होती. हा माणूस तिथला किरणोत्सर्ग सुरक्षेचा तंत्रज्ञ. ज्या प्रयोगशाळांत किरण सोडणारी रसायनं वापरतात, तिथल्या प्रत्येकाच्या छातीवर त्याने दिलेला एक छोटा बॅज असायचा. अंगावर किती किरण पडले, ते त्या बॅजवरून कळतं. बाई गरोदर असेल तर दुसरा बॅज कमरेला, एप्रनच्या आतून लावायचा, आणि तो हवा असेल तर आधी तळघरात येऊन एक कागद भरून द्यायचा.

सव्वीस वर्षांत असे एक्केचाळीस कागद त्याच्याकडे आले होते. एकाबद्दलही या कानाची खबर त्या कानाला लागली नव्हती. बाई आत यायची, मागे वळून दार लावायची, आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणायची, "अजून कुणाला सांगितलं नाहीये." तो मान डोलवायचा, खण उघडायचा आणि बॅज काढून द्यायचा. मग त्याचं ते ठरलेलं वाक्य यायचं, की घाबरण्यासारखं काही नाही, दिव्याखाली बसलेला माणूस घरी जाऊन अंधारात उजेड पाडत नाही. बाई हसायची आणि जायची. मूल होऊन, रजा संपवून ती परत आली की कमरेचा बॅज त्याच्या टेबलावर ठेवून लगबगीने निघून जायची. मुलगा झाला की मुलगी, हे मात्र त्याला सगळ्या जगाच्या नंतर कळायचं. एकीने दोन महिन्यांतच बॅज परत आणून दिला होता. त्याने काही विचारलं नाही. वहीत 'परत मिळाला' एवढंच लिहिलं आणि तिला पाण्याचा ग्लास दिला.

एरवी त्याच्या वाटेला कुणी जात नसे. हातातला किरण मोजायचा मीटर सतत वाजतो म्हणून इमारतीत त्याला 'टिकटिक' म्हणत, आणि तो जिन्यात दिसला की वरच्या मजल्यावरचे चहाचे कप झटक्यात गायब होत. प्रयोगशाळेत खाऊ-पिऊ नका, हे सांगणंच त्याचं काम. आता ज्याने चहा बंद करायचा, त्यालाच चहाला कोण बोलावणार? रसायन कुठे सांडलं-लागलंय का ते बघायला कागदाच्या गोल चकत्यांनी तो टेबलं, नळ, फ्रीजचे दांडे पुसायचा, चकत्या तळघरातल्या यंत्रात मोजायचा आणि आकडे लिहून ठेवायचा. त्याच्या स्वतःच्या बॅजवर सव्वीस वर्षांत नाव घेण्यासारखं काही उमटलं नव्हतं. इतका सांभाळून राहणारा माणूस.

त्याचा आठवडा रविवारासाठी चालायचा. रविवारी दुपारी तो ताईकडे जेवायला जायचा. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची मुलगी, म्हणजे त्याची भाची, लहान असताना तिला शाळेतून आणायचं काम याचं होतं. सायकल त्यानेच शिकवली, आणि पहिल्यांदा पडली तेव्हा रडलाही तोच. लग्न झाल्यावर ती दोन गल्ल्या सोडून राहायला गेली, पण रविवारी तीही आईकडे यायची. आठवड्यातल्या चौदा जेवणांपैकी समोर माणूस बसलेलं ते एकच जेवण.

एका गुरुवारी ताईचा फोन आला. या रविवारी येऊ नकोस म्हणाली. बरं नाही का, असं त्याने विचारलं, तर तसं काही नाही म्हणाली. बरेच आढेवेढे घेतल्यावर तिने सांगून टाकलं.

"पोरीला पाचवा लागलाय."

त्याला आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याच्या पाठोपाठ, पाचवा म्हणजे चार महिने उलटून गेले, हा हिशोबही झाला. त्या चार महिन्यांत तो सोळा-सतरा रविवार तिच्यासमोर बसून जेवला होता.

"सगळ्यांना माहीत आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे. अजून फक्त घरातल्यांनाच."

मग ताई कामाचं बोलली. तू दिवसभर त्या किरणांतच असतोस, तुझ्या कपड्यांना, हातांना काय लागलं असेल कुणी सांगावं, पोर घाबरते, बाळ होईपर्यंत लांब राहिलेलं बरं. त्याने दिव्याचं वाक्य सांगितलं. एक्केचाळीस शिकलेल्या बायकांना पटलेलं ते वाक्य ताईला अजिबात पटलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

बोलून पटत नाही तर दाखवू, असं त्याच्या मनाने घेतलं. शनिवारी सकाळी त्याने मीटर पिशवीत घातला. सव्वीस वर्षांत मीटर इमारतीबाहेर नेण्याची ही पहिलीच वेळ. वहीत कारण लिहिलं, 'तपासणी'. बस बदलून ताईच्या दारात पोहोचला, तर दार भावोजींनी उघडलं. मागे सोफ्यावर भाची बसली होती, पाय वर घेऊन. तो आत गेला नाही. उंबऱ्यावरच उभा राहिला, मीटर काढला, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि मीटरची नळी स्वतःच्या छातीवर धरली.

टिक. टिक टिक. टिक.

त्याचा चेहरा खुलला. त्याच्या लेखी ही शांतता होती. इतकी टिकटिक कुठेही होते, मातीत, दगडात, विटांत, आभाळाखाली. ज्या माणसाने जन्मभर हा आवाज ऐकला, त्याला तो ऐकूच येत नाही. पण घरातल्यांना तेवढाच ऐकू आला.

"वाजतंय की हो," भावोजी म्हणाले.

तेव्हा कुठे त्याला आपण काय केलं ते कळलं. घाईघाईने तो सांगायला लागला, की हे सगळीकडेच वाजतं, मी नसतो तेव्हाही वाजतं, आणि पटावं म्हणून त्याने नळी भिंतीला लावली. भिंत टिकटिकली. दाराला लावली. दारही टिकटिकलं.

"म्हणजे आता भिंतीलाही लागलं?" ताई म्हणाली.

भाची उठली. एक हात पोटावर धरून, त्याच्याकडे न बघता आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तो मीटर बंद करून जिना उतरला.

चार दिवसांनी भाचीनेच फोन केला.

"मामा, मला कळतं रे सगळं. तू म्हणतोस ते खरं आहे, मी वाचलंसुद्धा. पण भीती जात नाही. उद्या काही झालं ना, तर मी तुला कधीच माफ करू शकणार नाही. तसं व्हायला नकोय मला."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. त्याला ते खरंच बरोबर वाटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

नंतरचे रविवार त्याने इमारतीत काढले. कुणी नसलेल्या प्रयोगशाळांतून चकत्या घेऊन फिरायचा, पुसलेलीच टेबलं पुन्हा पुसायचा. घरी भात एका माणसाचा करायला त्याला कधी जमलंच नव्हतं, रविवारी तर हमखास उरायचा. सहावा लागला, सातवा लागला, हे तो मनात मोजत होता. एक दिवस बेचाळिसावी बाई कागद भरायला आली. अजून कुणाला सांगितलं नाहीये, म्हणाली. दिव्याचं वाक्य सांगताना त्याचा आवाज बसला. सर्दी झालीय म्हणाला, तेव्हा तिने नकळत खुर्ची थोडी मागे घेतली.

भाचीला मुलगा झाला. फोनवर फोटो आला, झोपलेल्या, मुठी आवळलेल्या बाळाचा. फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. येऊ का, असं दोन महिने त्याने स्वतःहून विचारलं नाही, आणि मग एका शनिवारी भाचीचा फोन आला. "मामा, उद्या जेवायला ये."

रविवारी त्याने दोनदा आंघोळ केली. कामावर कधीच न घातलेला कोरा शर्ट काढला. नवे बूट घेऊन ठेवले होते, ते घातले. घड्याळ, पाकीट, चष्म्याचं घर, जे जे कामावर जातं ते सगळं घरी ठेवलं. बसमधल्या सीटचं काही कपड्यांना लागू नये म्हणून उभ्यानेच गेला.

दार या वेळी भाचीनेच उघडलं. कडेवर नव्हे, दोन्ही हातांवर बाळ होतं. मागे ताई, तिच्या मागे भावोजी. भाचीचे डोळे भरले होते. ती दोन पावलं पुढे आली आणि तिने बाळ त्याच्यापुढे धरलं.

"घे ना मामा."

त्याने हात पुढे केले. तेवढ्यात बाळ शिंकलं. साधी शिंक, तान्ह्या बाळांना दिवसातून दहा वेळा येते ती. पण तिघांचेही डोळे आधी बाळाकडे गेले आणि मग त्याच्याकडे. एक क्षणच. ताईने लगेच नजर खाली घेतली, भाची तर हसलीसुद्धा.

आता हे असंच राहणार, हे त्याला तिथे दारात उभ्या उभ्या कळलं. या पोराला कधी ताप येईल, कधी दात उशिरा येतील, कधी गणितात कमी मार्क पडतील, आणि दर वेळी या घरात कुणीतरी मनातल्या मनात आजचा रविवार आठवेल. भाचीवर मामाला माफ न करण्याची वेळ येईल.

त्याने हात मागे घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "मी लांबूनच बघतो."

भाचीने बाळ पुन्हा छातीशी घेतलं. घे म्हणून ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही.