नळी घातलेलं बाळ रडलं

या ग्रुपवरचे अनुभव मी खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीला कोणी हात दाखवतं... आणि सगळ्यांना नेमकं अमावस्येलाच! मी नर्स आहे. शवागाराच्या बाजूच्या खोलीत बसून डबा खाल्लेली बाई, मला कोण घाबरवणार? पण एका गोष्टीने माझं डोकं भणभणतंय. घरी सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

ठिकाण पनवेल. लहान मुलांचं हॉस्पिटल आहे, नाव देणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. दुसऱ्या मजल्यावर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. गणपती नुकतेच होऊन गेले होते. भरदुपार, लख्ख ऊन. आणि युनिटमध्ये त्या दिवशी एकच बाळ होतं – हे नीट लक्षात ठेवा.

बाळ जितेश आणि प्रांजल यांचं, पहिलंच. उरण रोडवरच्या एका गावातली माणसं. बाळंतपणात बाळ अडकलं, मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. जन्मल्यापासून व्हेंटिलेटरवर. डोळे उघडले नाहीत, टाच टोचली तरी पाय आखडला नाही. आणि आम्ही काय कमी टोचलं? दोन्ही टाचा काळ्यानिळ्या. हातापायाला शीर सापडेना म्हणून डोक्याचे केस भादरून तिथे सुई. बाहेर कुणी तान्ह्या बाळाला असं केलं तर लोक त्याला चपलेने मारतील. मी हातमोजे घालून रोज करत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

आमचे मोठे डॉक्टर वानखेडे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, नियमाप्रमाणे सगळं रीतसर केलं आणि जितेशला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच उभी होते. डॉक्टर भला माणूस, पण ‘मरेल’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नाही.

‘‘आता मशीनच त्याला धरून आहे,’’ ते म्हणाले. ‘‘अजून त्रास देण्यात अर्थ नाही. सोडूया का त्याला?’’

जितेशचे डोळे भरून आले. ‘‘सोडा डॉक्टर. लय दिवस झाले. आमी तयार हाय.’’ दाखवली तिथे सही केली.

आता बघा... आपल्याकडे दवाखान्यातून घरी पाठवतात त्यालाही ‘सोडणं’च म्हणतात. ‘‘सिस्टर, कधी सोडणार?’’ हे मी दिवसभर ऐकते. पण तेव्हा ना डॉक्टरांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. जितेश आनंदाने रडत होता. पोरगं बरं झालं, घरी चाललं, असं तो समजला होता!

थोड्या वेळात घरची मंडळी आली. बाळाची आत्या नवीकोरी झबलं-कुंची घेऊन. मला वाटलं, शेवटचं नवं घालताहेत बिचारे. जितेशचा मोठा भाऊ, सगळे त्याला दादूस म्हणत होते, तो खाली वॉचमनला पेढे देऊन आला होता. ते मला मागाहून कळलं.

प्रांजलला व्हीलचेअरवरून आणलं. मी म्हटलं, ‘‘ताई, शेवटचं मांडीवर घ्या. मग डॉक्टर नळी काढतील.’’

‘‘शेवटचं म्हंजे?’’ आत्या म्हणाली.

‘‘नळी काढली का मंग दूध पाजायचं ना?’’ जितेशने विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. जितेशने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं... आणि त्याला कळलं.

‘‘माझ्या पोराला मारता तुमी?’’

पुढचं सगळं एकदम झालं. दादूसने डॉक्टरांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. चष्मा फुटून काच भुवईत घुसली, चेहऱ्यावर रक्ताची धार. सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून त्याने मॉनिटर फोडला, मग औषधांचं कपाट. आग विझवायचं लाल सिलिंडर कुणीतरी दारावर फेकलं, अख्खी काच खळकन खाली. वॉचमन धावत आला, त्याच्या पोटात लाथ बसली. आत्याने माझे केस धरून मला फरफटवलं. तिच्या हाताला चावून मी सुटले – हो, चावले! – आणि बाळावर पालथी पडले. मशीन मोडलं असतं तर बाळ तिथेच संपलं असतं. पाठीत स्टँडचा एक फटका बसला. अजूनही थंडीत तिथे दुखतं.

मान वळवून पाहिलं तर डॉक्टर जमिनीवर आणि जितेश त्यांच्या छातीवर गुडघा रोवून बसलेला. दोन्ही हात गळ्यावर.

‘‘घे श्वास! मशीनशिवाय घे ना! घे!’’

डॉक्टरांचा चेहरा काळा पडत चालला होता. पाय काचांवर आपटत होते. मी किंचाळत होते, प्रांजल किंचाळत होती. माणूस माझ्यासमोर मरत होता आणि मी बाळाला सोडून उठू शकत नव्हते.

तेव्हा बाळ रडलं.

माझ्या छातीखालून आवाज आला. खणखणीत, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा टाहो असतो ना, तसा. दादूसचा उगारलेला स्टँड तसाच वर राहिला. जितेशचे हात ढिले पडले. डॉक्टरांनी घरघरत श्वास ओढला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्राच्या मधून आत जाते. अशी बाळं रडतात तेव्हा चेहरा लाल होतो, तोंड उघडतं, पण आवाज येत नाही. आणि हे बाळ तर तेवढंही कधी करत नव्हतं. मी उठून पाहिलं. नळी जागेवर, चिकटपट्टी तशीच, छाती मशीनच्या तालावर वरखाली. चेहरा शांत. आणि आवाज चालूच होता! प्रांजलच्या गाऊनवर दुधाचे दोन ओले डाग पसरले. मग आवाज थांबला.

‘‘जगायचं हाय त्याला,’’ जितेश म्हणाला. ‘‘आता हात नाय लावायचा कोणी.’’

‘‘नाय,’’ प्रांजल म्हणाली. ‘‘दुखतंय त्याला. आता पुरे झालं.’’

दोघांनी तोच आवाज ऐकला होता.

पोलीस आले, दादूसला घेऊन गेले; जितेशला मात्र डॉक्टरांनी नेऊ दिलं नाही. भुवईला टाके घालून डॉक्टर परत वर आले आणि नवराबायकोसमोर बसले. गळा दाबल्याने आवाज घोगरा झाला होता, पण या वेळी स्पष्ट बोलले. ‘‘मशीन काढलं की बाळ मरेल. ठेवलं तरी ते कधी शुद्धीवर येणार नाही. तुम्ही दोघं मिळून ठरवा. तोवर मी काही करणार नाही.’’

दुसऱ्या दिवशी जितेश बाळाच्या तोंडाला कान लावून बसला. कितीतरी वेळ. मशीनच्या सुसकाऱ्याशिवाय काही नाही.

‘‘सिस्टर, दुखत असंल का त्याला?’’

खोटं बोलायला हवं होतं का? मला जमलं नाही. ‘‘माहीत नाही, दादा,’’ मी म्हटलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘मंग काढा.’’

प्रांजलच्या मांडीवर, नव्या झबल्यात, डॉक्टरांनी नळी काढली. आता घसा मोकळा होता. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो. बाळाने थोडे श्वास घेतले, अगदी हळू... आणि गेलं. आवाज आला नाही.

डॉक्टर म्हणतात, नळीच्या कडेने हवा गळते, कधीतरी बारीक आवाज येतो. बारीक! त्या आवाजाने त्यांचा जीव वाचला, तरी म्हणतात बारीक. बाकीची बाळं तळमजल्यावर होती, मी स्वतः जाऊन विचारून आले, त्या वेळी एकही रडत नव्हतं. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

भुताची भीती मला आजही वाटत नाही. पण बाळ रडलं की त्याला काय हवंय हे ओळखणं, हेच काम मी आयुष्यभर केलं. ते बाळ ‘थांबा’ म्हणून रडलं की ‘पुरे’ म्हणून, ते मला ओळखता आलं नाही. आणि आम्ही नळी काढली.