प्रिंटरला हात लावू नये!

आमच्या घरात प्रिंटरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. नियम मीच केला होता. त्याला कारण होतं. ऑफिसात एकदा अडकलेला कॉम्प्युटर मी बंद करून पुन्हा चालू केला, आणि तो चक्क चालू झाला! तेव्हापासून तिथे मला 'सिस्टिमवाले साहेब' म्हणतात. मीही ड्रायव्हर, फीड रोलर, हेड क्लीनिंग हे शब्द भाजीत कोथिंबीर टाकावी तसे बोलण्यात टाकत असतो.

माझी बायको मीनल एका कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं कंत्राटावर होती. शेवटी गडचिरोलीच्या एका कॉलेजातून कायम जागेसाठी बोलावणं आलं. मुलाखत सकाळी नऊला. सोबत अर्ज आणि कामाचा तपशील, बत्तीस छापील पानांची फाइल. फाइल नसेल तर मुलाखत नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"परवा मुलाखत, उद्या दुपारची बस हाये. आजच दुकानातून प्रिंट काढून आणते," मीनल म्हणाली.

"घरात प्रिंटर असताना दुकानात? अगं, लोक हसतील मला!"

दुसऱ्या दिवशी मारबत आहे, हे मी साफ विसरलो. (इतवारीत राहून मारबत विसरणारा मी पहिलाच असेन!) मारबतीच्या कागद-बांबूच्या अवाढव्य पुतळ्याबरोबर गावातली सगळी पीडा हाकलून द्यायची, तर माणसं घरात कशी बसतील? सकाळपासून गल्ल्या गच्च आणि झेरॉक्सवाल्यासकट सगळ्यांची शटरं खाली. माझ्या सासूबाई तर खास मारबत पाहायला कुहीहून आल्या होत्या.

दहा वाजता मी रुबाबात प्रिंटर चालू केला. नारिंगी दिवा लुकलुकला. कॉम्प्युटर म्हणाला, पेपर जॅम! मी झाकण उघडून पाहिलं. आत कागदाचा कपटासुद्धा दिसत नव्हता.

"काही नाही, ड्रायव्हर काढून टाकतो," मी जाहीर केलं.

"ड्रायव्हर काढला तं चालवन कोन बापा?" सासूबाईंनी विचारलं.

मी जाणकारांचं ते एक मंद हसू असतं, ते हसलो आणि ड्रायव्हर काढला. त्यावर कॉम्प्युटर म्हणाला, असा कुठलाच प्रिंटर माझ्या ओळखीचा नाही! त्यांची पुन्हा ओळख करून देण्यात एक तास गेला.

"आता हेड क्लीनिंग करावं लागेल."

"कोनाचं?" मीनलने कमरेवर हात ठेवून विचारलं.

मी प्रिंटरचं केलं, पाच वेळा. दर वेळी प्रिंटर गुळण्या केल्यासारखा आवाज काढायचा आणि शाई पिऊन टाकायचा. पाचव्या वेळी काळी शाई निम्म्यावर आली. मग मी टेस्ट पेजची आज्ञा दिली. काही झालं नाही. पुन्हा दिली. फाइलची दिली. पुन्हा टेस्ट पेजची. शेवटी चिडून आत स्टीलची पट्टी खुपसली आणि वरून दोन चापट्या मारल्या.

"अहो, बारा वाजले," मीनल हळूच म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज रडवेला होता. अकरा वर्षांची तिची वाट माझ्या शहाणपणात अडकली होती.

"जवाईबापू, तुमी काहून त्याले मारून राहिले? जरा आवाज तं आयका!" सासूबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या.

या बाईंनी कुहीत चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं आहे. अर्ध्या तालुक्याच्या पोरांचे शाळेचे कपडे त्यांनी शिवले, आणि मशीन बिघडलं तर मेकॅनिकला कधी बोलावलं नाही. त्यांनी डोळे मिटून दोनदा प्रिंटरचा आवाज ऐकला.

"फिरते अन् घसरते. कागद धरूनच नाई राहिलं. माह्या मशीनचं बॉबिन भरायचं रबर गुळगुळीत झालं का असंच करे. अन् मधात कायतरी अडकलं बी हाये. आधी लाइट बंद करा."

प्लग चालूच होता! मी तो घाईने काढला. माझ्या हातातली स्टीलची पट्टी त्यांनी काढून घेतली. बटव्यातून दोरे उपटायचा चिमटा काढला, मोबाइलची बॅटरी लावून मीनलच्या हाती दिली, आणि मागच्या कागदाच्या खाचेतून एक घडी घातलेला कागद अलगद ओढून काढला.

तो कागद माझाच होता. हरवू नये म्हणून मीच त्या खाचेत ठेवलेलं, 'प्रिंटरची देखभाल' हे माहितीपत्रक! सासूबाईंनी चष्मा लावून पहिलीच ओळ मोठ्याने वाचली, "कागदाच्या खाचेत इतर कोणतीही वस्तू ठेवू नये." (ते मराठीतही छापलं होतं, माझं दुर्दैव!)

मग ओल्या मलमलीच्या चिंधीने त्यांनी आतला रबरी रोलर पुसला. काळी धूळ निघाली. रबर सुकू दिलं, प्लग लावला. प्रिंटरने कागद धरला! मी टाळी वाजवली आणि बाहेर आलं ते रंगीत पट्ट्यांचं टेस्ट पेज. त्यामागून दुसरं. मग तिसरं.

"हे काय वं मीने, तुये सर्टिफिकेट का?"

"नाही आई, यांनी सकाळपासून जेवढ्या वेळा बटन दाबलं, तेवढं सगळं रांगेत लागलं हाये. अन् कागद तं छत्तीसच उरले!"

"रांगेत कोन कोन हाये?"

"मीच," मी म्हणालो. "तेवीस वेळा."

"मंग मीनीची फाइल एक डाव ठेवा, बाकीचे समदे घरी पाठवा! राशनच्या लाइनीत असंच करा लागते."

मी रांगेतला बाकीचा 'मी' रद्द करून घरी पाठवला. तोवर आणखी तीन टेस्ट पेजं सुटली होतीच. मग अर्ध्या तासात बत्तीस पानं बाहेर आली. खाचेत एकच कोरा कागद उरला होता.

मारबत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा आम्ही गॅलरीत होतो. सासूबाई ओरडल्या, "प्रिंटरची पीडा!" खालून गल्ली गरजली, "घेऊन जा गे मारबत!" मग फाइल छातीशी धरून मीनल ओरडली, "घरातले सिस्टिमवाले साहेब!" गल्ली पुन्हा गरजली, आणि त्या भरात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

दुपारच्या बसने मीनल गेली. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तिला विचारलं, ग्रंथालयातला प्रिंटर बिघडला तर सगळ्यात आधी काय कराल? मीनल म्हणाली, "आधी त्याच्याजवळच्या जाणकार माणसाला दूर करीन. मग प्लग काढीन." सगळे हसले. महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं.

सासूबाईंबद्दल मला तेव्हापासून जो आदर वाटतो, तो ऑफिसातल्या कुठल्याच इंजिनियरबद्दल वाटत नाही. आमचा प्रिंटर आता त्यांच्या सल्ल्याने चालतो. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतो, की मीनलला नोकरी लागली, त्यात माझाही हात आहे.

"होता तं!" सासूबाई आलेल्या असल्या की आतून म्हणतात. "म्हणून तं अडकलं होतं!"