सुरमई, बोंबील आणि माझं वॉरंट

"सुरमई," मी म्हणालो.

हवालदारांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "गुरुजी, मासा कुठला लिहू?" ज्याच्या घरात मासा फक्त मुलांच्या चित्रकलेच्या वहीतून येतो असा मी, जराही न अडखळता सुरमई म्हणालो. का म्हणालो? तर मला माशांची नावंच दोन-तीन ठाऊक होती आणि त्यांतलं हे नाव म्हणायला बरं वाटायचं.

झालं असं, की एका रविवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन मी पनवेलच्या मासळी बाजारावरून, नाकाला रुमाल लावून, झपाझप चाललो होतो. बाजाराच्या तोंडाशी गर्दी. हवालदारांनी त्या गर्दीतून मला बरोबर हेरलं. "गुरुजी, जरा पंच व्हा."

आता 'पंच' या शब्दाला माझ्या कानात एक वजन होतं. गावकीतला पंच, कुस्तीतला पंच, निदान शाळेच्या कबड्डीतला तरी. मला आजवर कोणी कसलाच पंच केलं नव्हतं. घरात आमटीत मीठ पडलंय का, हेसुद्धा मला विचारत नसत. मी रुमाल खिशात घातला आणि ताठ उभा राहिलो.

भांडण जागेचं होतं. गव्हाण गावची एक मासेवाली बाजाराच्या अगदी तोंडाशी बसायची. त्या जागेवर आधी तिची सासू बसायची. शेजारच्या बर्फवाल्याला तिथे आपली बर्फाची पेटी ठेवायची होती. त्याने पेटी सरकवली, तिने ती पायाने मागे लोटली. शब्दाला शब्द वाढला आणि तिने टोपलीतला हाताला लागला तो मासा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. बर्फवाला खाली पडला आणि त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. माशाच्या माराने तुटला, असं तो म्हणत होता. स्वतःच्याच बर्फावरून घसरून तोंडावर आपटला म्हणून तुटला, असं ती म्हणत होती. दोघांना पोलीस ठाण्यात नेलं होतं आणि बाजारातल्या झाडून साऱ्या मासेवाल्या आरडाओरडा करत तिच्या मागे गेल्या होत्या. त्यामुळे मासा ओळखू शकेल असं माणूस तिथे उरलंच नव्हतं. 'पंच' हा शब्द ऐकताच बघ्यांची गर्दीही पांगली. उरलो होतो हवालदार, मी आणि समोरच्या दुकानातले घड्याळजी. ते दुसरे पंच. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच सही केली आणि ते पुन्हा घड्याळात शिरले.

हवालदार सोलापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मासा शेपटीला धरून वर उचलला. "आमच्याकडं मटण. हे पाण्यातलं आपल्याला काय कळत न्हाई. तुम्ही इथलंच न्हवं?"

"इथलाच म्हणजे काय, जन्मच इथला," मी म्हणालो. आणि मग ते सुरमई.

पंचनाम्याच्या कागदावर चढलं: 'सुरमई जातीचा एक मोठा मासा.' मी झोकदार सही ठोकली. मासा हवालदारांनी बाकावर ठेवला आणि ते कागद घडी करेपर्यंत एका मांजराने मुद्देमालाची विल्हेवाट लावली. तेव्हा जगात त्या माशाचा पुरावा म्हणून माझा शब्द तेवढा उरला.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी ही हकिगत रंगवून सांगितली. आमचे चित्रकलेचे सर उरणचे, मासळीवर वाढलेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"शेपटीला धरल्यावर मासा कसा दिसत होता?"

"लोंबत होता."

"रंग?"

"पांढुरका, थोडा गुलाबीसर. लिबलिबीत. तोंड भलतंच मोठं."

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, बोंबील तो! ओला बोंबील! सुरमई म्हणजे मुसळ. सुरमईने मारलं तर दातच काय, जबडा जाईल. बोंबलाने मारलं तर माणसाचं तोंड धुतलं जातं फक्त. काय करून बसलात! आता त्या बाईवर जड वस्तूने मारल्याचा खटला उभा राहणार. शिक्षा झाली तर ती जागेवरून उठणार आणि बर्फवाला बसणार."

मी त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन चूक सांगायला हवी होती. मुलांच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घाची एकेक चूक लाल शाईने गोल करून दाखवणारा माणूस मी. पण आपली चूक गोल करायला गेलं की शाई नेमकी संपते. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करता करता दीड वर्ष गेलं आणि समन्स आलं.

त्यात 'हजर राहावे' असं होतं. लग्नपत्रिकेतही 'उपस्थित राहावे' असतं आणि आपण प्रत्येक लग्नाला कुठे जातो, अशी मी मनाची समजूत घातली. त्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलनही होतं. पुढच्या समन्सला मला ताप आला. खरं म्हणजे मी तो आणला. मी गेलोच नाही तर माशाचा विषय निघणार नाही, असं माझं गणित होतं. मराठी शिकवणाऱ्याचं गणित ते.

मग एक दिवस चित्रकलेचे सर मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोर्टातला एक शिपाई आमच्या आळीत राहतो. तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय म्हणे."

त्यानंतरचे चार दिवस मी खाकी रंगाला घाबरून काढले. पोस्टमन दिसला की रस्ता ओलांडायचो. एसटीचा कंडक्टर तिकीट मागायला आला तर दोन्ही हात पुढे केले. आमच्याच शाळेचा शिपाई नोटीस घेऊन वर्गात आला तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. तो म्हणाला, "गुरुजी, उद्या सुट्टी आहे, सही करा." सही हा शब्द ऐकून तर घामच फुटला.

शेवटी घरी सांगितलं. आम्ही तेव्हा नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बायकोने सगळं शांतपणे ऐकलं, मधे एकदा गॅस बारीक केला. "वॉरंट आहे की नाही ते आधी बघून तरी या," ती म्हणाली. "आणि इस्त्रीचा शर्ट घाला. पकडलं तर निदान बरे दिसाल."

सुट्टीच्या दिवशी... म्हणजे शाळेच्या सुट्टीच्या. कोर्ट चालू होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेलो. तिथल्या कारकुनांच्या टेबलावर फायलींचे दोन ढीग होते आणि मधल्या फटीतून त्यांचा चष्मा दिसत होता. त्या फटीत वाकून मी हळूच म्हणालो, "एक वॉरंट आहे का बघायचं होतं."

"कोणाचं?"

"एका मित्राचं."

"मित्र कुठे आहे?"

"तो येऊ शकत नाही."

"म्हणून तर वॉरंट काढलंय ना!" कारकुनांनी एक ढीग बाजूला सारला. "केस कसली?"

"माशाची."

त्यांनी मान वर केली. रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, थांबवलं. "हे बघा. पंच. शाळा मास्तर. दोन वेळा गैरहजर. जामिनाचं वॉरंट." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुमचा मित्र खडू डाव्या खिशात ठेवतो का?"

मी खिशाकडे पाहिलं. इस्त्री कडक होती, पण खडूचा डाग इस्त्रीने जात नाही.

"गुरुजी," ते आवाज खाली आणून म्हणाले, "माझा मुलगा तुमच्या शाळेत आहे. जामिनाचं वॉरंट आहे, एवढं घाबरू नका. पण पोलिसांनी आणायच्या आत स्वतः या. परवा तारीख आहे. अकराच्या आत या, वकिलाकडून वॉरंट रद्द करायचा अर्ज लिहून घ्या आणि नाव पुकारलं की लगेच उभे राहा. मित्राला पाठवू नका."

तारखेच्या दिवशी दहालाच पोचलो. कोर्टाच्या आवारात एका टाइपरायटरशेजारी वकीलसाहेब बसले होते. त्यांनी माझं ऐकण्याआधीच टायपिस्टला सांगायला सुरुवात केली, "अर्जदाराच्या पोटात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्याने..."

"पोटात काही नव्हतं हो."

"सगळ्यांच्या पोटातच असतं. कोर्टाला सवय आहे."

"नको," मी म्हणालो. "आधीच एक मासा खोटा लिहून बसलोय. आता पोटही खोटं नको."

वकील माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागले. "मग काय लिहू?"

"घाबरलो होतो, असं लिहा."

टायपिस्टची बोटं हवेतच राहिली. शेवटी वकिलांनी 'अर्जदार भीतीपोटी हजर राहू शकला नाही' असं वाक्य काढलं. तेवढ्यातही त्यांनी पोट आणलंच.

कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून ती मासेवाली बसली होती. टोपली नव्हती, लुगडं नेटकं नेसलेलं. मी तिला आधी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओळखलं नाही. पण मी शिपायाला आपलं नाव सांगत होतो ते तिने ऐकलं.

"तुमीच का वं तो पंच?"

"हो, मावशी."

"कवापासनं वाट बगतंय तुमची! दर तारखेला बाजार सोडून येतंय मी. आन् हा मेला आमच्या जागेवर पेटी ठेवून मोकला व्हतो." तिने समोरच्या बाकावर बसलेल्या बर्फवाल्याकडे बोट दाखवलं. "बगा, पुन्ना सारतंय का नाय मी ती पेटी! आन् तुमी मास्तर ना? कुटं लपून व्हतात?"

"शाळेत."

"साळंत!" ती बाजूच्या पोरीला म्हणाली, "आयकलंस? साळंत लपला व्हता." मग माझ्याकडे वळून विचारलं, "सुरमई कुनी लिवली?"

"मी."

"कदी खाल्लाव?"

"नाही."

"मंग वलखायला कशाला गेलात? सुरमईनं कोन मारल? येवरी महाग सुरमई मी त्याच्या थोबारावर फुकट घालीन? मी काय येरी हाय?"

हा मुद्दा दीड वर्षात ना हवालदारांच्या लक्षात आला होता, ना माझ्या. बर्फवाला ओठ मिटून हसू दाबत होता. बहुधा तुटका दात दिसू नये म्हणून.

नाव पुकारलं गेलं. दुसऱ्यांदा पुकारायच्या आत मी पिंजऱ्यापाशी पोचलो होतो. न्यायाधीश साहेबांनी अर्ज वाचला, 'भीतीपोटी' पाशी थांबले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वॉरंट रद्द केलं. मग शपथ झाली आणि सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हो."

"मजकूर बरोबर आहे?"

आयुष्यात एवढा कठीण प्रश्न मी मुलांनाही घातला नव्हता. मागे व्हरांड्याच्या दारात ती उभी होती, हे मला न बघता कळत होतं.

"सही खरी आहे," मी म्हणालो. "मासा खोटा आहे."

सरकारी वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काय?"

मी सांगितलं सगळं. पंच शब्दाचं वजन, सोलापूरचे हवालदार, सुरमई हे नाव बरं वाटतं ते. साहेब बहुधा कोकणातले असावेत. पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि तो विचारताना थोडे पुढेही झुकले.

"शेपटीला धरल्यावर मासा सरळ राहिला की वाकला?"

"साहेब, धुतलेल्या पायमोज्यासारखा लोंबत होता."

कोर्टात हशा पिकला. त्या दिवशीचे कारकून फायलींच्या ढिगामागे पूर्ण दिसेनासे झाले. तिच्या वकिलाने उठून "विचारायचं काही नाही" म्हटलं आणि तो हसू लपवत खाली बसला. साहेब मात्र हसले नाहीत.

"शिक्षक आहात ना? एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, हे मुलांना शिकवता?"

"हो साहेब."

"आणि तुम्ही?"

मी खाली बघितलं. वर्गात मुलं का खाली बघतात, ते त्या दिवशी मला नीट कळलं.

साहेब मग बर्फवाल्याकडे वळले. "बोंबलाने दात तुटला?"

बर्फवाला उभा राहिला. पनवेलचा माणूस. उभ्या बाजारात 'बोंबलाने दात पडलेला' म्हणून जन्म काढायचा, हे त्याच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसलं. "साहेब, खाली बर्फ पण होता," तो पुटपुटला. दोघांच्या वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर बरीच बोलणी झाली आणि दुपारी दोघांनी तडजोडीचा कागद दिला. पेटी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाणार, तोंडाशी ती बसणार. साहेबांनी सही केली. त्यांची सही छोटी होती, माझ्या सहीसारखी झोकदार नव्हती.

संध्याकाळी बसस्टँडकडे जाताना बाजारावरून जावं लागलं. या खेपेला रुमाल नाकाला लावायचा मला धीर झाला नाही. ती आपल्या जागेवर, टोपली पुढे घेऊन बसलेली होती आणि शेजारच्या चार जणींना काहीतरी सांगत होती. मला बघून सगळ्या एकदम थांबल्या.

"ओ सुरमई मास्तर! हिकरं या!"

मी गेलो. तिने टोपलीतून काहीतरी उचलून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "न्या घरी. नाय म्हनू नका. खाऊ नका पायजे तर, पन वलखून ठेवा."

चार जणी हसल्या. मला नाही म्हणता आलं नाही. नवीन पनवेलपर्यंत बसमध्ये माझ्या बाजूची जागा रिकामीच राहिली. तीन मजले चढून बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि पहिल्या श्वासालाच पदर नाकाला लावून ती उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. मी घाईघाईने सगळं सांगितलं. वॉरंट रद्द झालं, केस मिटली, त्या बाईची जागा राहिली. ती ऐकत होती माझं, पण बघत होती पुडक्याकडे.

"ते सगळं राहू दे. हे काय आहे?"

"बोंबील," मी म्हणालो.

पदराआडून बायको म्हणाली, "नक्की? सही करून द्याल?"